फरशीखाली काय घालायचं? हिर्डोशीतलं घर आणि टोरोंटोजवळचं तळघर

(या भागात मी एकटाच बोललोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

 

आज विषय ऐकून काही जण लगेच पुढचा भाग लावतील, मला माहितीये. विषय आहे फरशी. आणि फरशीसुद्धा नाही, फरशीच्या खाली काय असतं ते. पण पाच मिनिटं थांबा. कारण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या गावी आत्ता जुनं घर पाडून नवीन बांधायचं चाललंय. घरून फोन येतो, ‘पैसे पाठव, स्लॅब टाकायचाय.’ आपण पैसे पाठवतो, टाइल्सचे फोटो बघतो, ‘हा रंग घ्या’ म्हणतो. फरशीखाली काय घालताय, हे आपण कधी विचारत नाही. आम्हीही विचारलं नव्हतं. एकदा.

## आजीची खोली

माझं गाव हिर्डोशी. भोर तालुका, पुणे जिल्हा. भोरवरून महाडकडे निघालात की नीरा-देवघर धरणाचं पाणी रस्त्याच्या कडेनं दिसत राहतं, आणि पुढं वरंधा घाटाच्या अलीकडं आमचं गाव. बाइकवरून पावसाळ्यात घाट बघायला येणाऱ्यांना आमचा भाग माहीत असतो. त्यांना धुकं दिसतं, धबधबे दिसतात. आम्हाला चार महिने न वाळणारे कपडे दिसतात.

पाऊस म्हणजे काय, ते आकड्यात सांगतो. जुलै २०२१ मध्ये आमच्या दक्षिणेला महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस पडला होता. पुणे शहरात अख्ख्या पावसाळ्यात साधारण तेवढा-त्याहून थोडा जास्त पडतो. घाटमाथ्याची जमीन अशा पावसात स्पंजसारखी भरते. डोंगराच्या उतारावर जागोजागी उमाळे फुटतात. कधी बांधातून, कधी वाटेतून, आणि कधी कधी थेट घरातून.

तर सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही आजीसाठी जुन्या घराला लागून एक पक्की खोली बांधली. सिमेंटच्या भिंती, खाली छान शहाबादी फरशी. आख्खी हयात सारवलेल्या जमिनीवर गेलेली बाई, तिला म्हातारपणी सारवायचा त्रास नको, असा सगळा प्रेमाचा हिशोब. पहिला उन्हाळा मजेत गेला. पावसाळा लागला आणि आजीनं आपली वाकळ उचलली आणि परत जुन्या माजघरात जाऊन झोपायला लागली.

आम्ही म्हणालो, ‘आजी, तुला फरशी गार लागते का?’ गादी आणून दिली. ती म्हणाली, “गार न्हाय रं. वल हाय.”

गार नाही, ओल आहे. एवढंच. आम्हाला वाटलं, म्हातारं माणूस आहे, सवय सुटत नाही. दोन पावसाळ्यांत गादीच्या खालच्या बाजूला काळी बुरशी आली. कोपऱ्यात ठेवलेल्या इंद्रायणीच्या दोन गोण्या खालून कुबट झाल्या. भिंतीला खालून हातभर पोपडे सुटले आणि मिठासारखी पांढरी पूड दिसायला लागली. आजीला त्या खोलीत गेलं की खोकला. आणि तरी आम्ही म्हणत होतो, ‘हवा दमट आहे, सगळीकडं असंच असतं.’

मग अख्खं घरच नव्यानं बांधायचं ठरलं. आणि या वेळी मी ठरवलं, फरशीखाली काय जातंय ते मी स्वतः बघणार.

## दादाचं तळघर

आता इथं गोष्टीत दुसरं घर येतं. माझा चुलत भाऊ, आमचा दादा, कॅनडात टोरोंटोजवळ राहतो. त्यानं जुनं घर घेतलंय आणि त्याला तळघर आहे. तिकडं बहुतेक घरांना तळघर असतंच. कारण तिथं हिवाळ्यात जमीन वरून काही फूट गोठते. गोठलेली ओली माती फुगते आणि पाया उचलते. म्हणून पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. एवढं खोदलंच आहे तर खोली करून टाकू, असा तो प्रकार.

दादाच्या तळघरातला गटाराचा पाइप खराब झाला आणि काँक्रीटची फरशी फोडावी लागली. निम्मी फुटलीच होती, तर त्यानं सगळीच काढून नवीन ओतायचं ठरवलं. आणि त्याच्यापुढं प्रश्न आला, नवीन काँक्रीटच्या खाली इन्सुलेशन घालायचं की नाही? म्हणजे फोमच्या शीट. थर्माकोलचा घट्ट, टणक भाऊ म्हणा. दोन इंच जाड.

महिनाभर त्यानं या एका गोष्टीवर डोकं खाल्लं. शेवटी घातला. आणि मला व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “अरे, तू पण फोम घाल. एकदा काँक्रीट पडलं की परत संधी नाही. आजीला फरशी गार लागते ना?”

मला पटलं. म्हणजे बघा, परदेशातला मोठा भाऊ, त्याचा स्वतःचा अनुभव. मी पुण्यात चौकशीसुद्धा केली. आमच्या पाचशे चौरस फुटांना दोन इंची फोमचे पस्तीस हजारांच्या आसपास सांगितले. आमच्यासाठी ती रक्कम लहान नाही. त्यात खिडक्या येतात. पण आजीच्या नावानं मी तयार झालो होतो.

मग एका रात्री डोक्यात आलं. आजी ‘गार’ म्हणालीच नव्हती. ‘गार’ आम्ही म्हणालो होतो.

## तिकडं फोम का लागतो

आधी दादाचं गणित समजून घेऊ, कारण ते चूक नाही.

आपल्याला शाळेपासून वाटतं की उष्णता वर जाते. वर जाते ती गरम हवा. उष्णता मात्र गरमकडून गारकडे जाते, मग ते वर असो, आडवं असो की खाली. जमिनीत काही मीटर खोल गेलं की तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, आणि ते त्या जागेच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीच्या जवळपास असतं. टोरोंटोची सरासरी साधारण ९ अंश सेल्सिअस. घरात हीटर लावून २१ ठेवायचं. म्हणजे फरशीच्या वर २१ आणि खाली दहा-बारा. बारा महिने उष्णता हळूहळू खाली गळत राहते.

काँक्रीट ती अडवत नाही. फोम अडवतो. दोन इंच चांगला फोम उष्णता जितकी अडवतो तितकी अडवायला सात-आठ फूट जाड काँक्रीट लागेल. एवढा फरक!

पण दादानं एक प्रामाणिक गोष्ट सांगितली. हिवाळ्यात घराची सगळ्यात जास्त उष्णता काही तळघराच्या फरशीतून जात नाही. छप्पर, भिंती, खिडक्यांच्या फटी, आणि तळघराच्या भिंतीचा जमिनीच्या वर डोकावणारा भाग, हे आधी. फरशीचा नंबर नंतर. कारण खालची माती स्वतःही थोडीफार अडवते. मग त्यानं फोम का घातला? दोन कारणं. एक, फरशी फोडलेलीच होती. चांगल्या फरशीवर वरून फोम टाकायचा तर उंची जाते, आणि त्याच्या तळघराचं छत आधीच डोक्याला लागतं. आणि दुसरं कारण ऐकून मी चमकलो. त्याचा खरा त्रास उन्हाळ्यातला होता!

टोरोंटोचा जुलै दमट असतो. बाहेरची ती दमट हवा तळघरात उतरते आणि गार फरशीला टेकते. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला जसा घाम येतो, तसा फरशीला येतो. वर गालिचा असला की तो खालून दमट होतो आणि वास मारतो. फोम घातला की काँक्रीट खालच्या गार मातीपासून तुटतं, खोलीच्या तापमानाच्या जवळ येतं, आणि घाम कमी होतो.

म्हणजे दादाची तक्रारसुद्धा शेवटी ओलीचीच निघाली. पण त्याची ओल वरून, हवेतून येत होती. आमची कुठून येत होती? हे कळल्याशिवाय पस्तीस हजार घालवणं म्हणजे ताप मोजायच्या आधी गोळी घेणं.

## चिकटपट्टीची परीक्षा

आता जी गोष्ट सांगतोय ती तुम्ही या पावसाळ्यात घरी करून बघू शकता. खर्च शून्य.

जाड, स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या. फरशीवर पसरा. चारही बाजू चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा, हवा आत-बाहेर नको. निदान सोळा तास सोडा. इंजिनिअर लोकही काँक्रीटवर रंग किंवा टाइल लावायच्या आधी साधारण अशीच परीक्षा करतात. मी तर दोन दिवस ठेवलं.

मग बघा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब, किंवा खालची फरशी काळपट ओली, तर पाणी जमिनीतून येतंय. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला दव, आणि खाली कोरडं, तर पाणी हवेतून येतंय. दोन्हीकडं असेल तर दोन्ही.

जुलैचा महिना, घाटात दरडींमुळं वाहतूक बंद, आणि मी आजीच्या खोलीत गुडघ्यावर बसून तीन ठिकाणी प्लॅस्टिक चिकटवतोय. वडील दारात उभे, काही बोलले नाहीत. फरशीच्या सांध्यावर येतील असे तुकडे लावले होते.

दोन दिवसांनी तिन्ही तुकडे खालून घामेजलेले. एक तर एवढा की उचलल्यावर पाणी ओघळलं. वरची बाजू दोन ठिकाणी कोरडी. तिसऱ्या ठिकाणी, जिथं आम्ही दोरीवर कपडे वाळत घालायचो, तिथं वरूनही थोडं दव.

आजी बघत होती. म्हणाली, “म्या काय सांगत हुते?”

आठ वर्षं ती तेच सांगत होती.

## पाणी डोंगर चढतं

चहात खारी बुडवा. बुडवली तेवढीच भिजत नाही, चहा वर चढतो. दिव्याची वात घ्या, तेल खाली असतं आणि ज्योत वर. बारीक फटींतून पाणी स्वतःहून वर चढतं. फट जितकी बारीक तितकं जास्त उंच. चिकणमातीत ते कित्येक फूट चढू शकतं. काँक्रीट आणि विटासुद्धा आतून बारीक छिद्रांच्याच असतात. दिसायला दगड, पण वागायला खारी.

आता उलटं करा. वाटीत पाणी घ्या आणि त्यात मोठी खडी ठेवा. पाणी चढत नाही. कारण खडीमधल्या फटी मोठ्या. पाण्याला धरून वर चढायला काहीच नाही.

आमच्या आजीच्या खोलीखाली काय होतं? खोदकामातून निघालेली माती. तीच परत आत भरली, वर थोडी वाळू, त्यावर सिमेंटचा माल आणि फरशी. जोतं जेमतेम दीड फूट, आणि खोली उताराच्या वरच्या अंगाला, म्हणजे डोंगरातून येणारं पाणी आधी तिलाच भेटणार. आम्ही आजीला वातीच्या टोकावर झोपवत होतो.

मग जुन्या माजघराची सारवलेली जमीन कोरडी कशी? कोरडी नव्हतीच पूर्ण. पण ती जमीन श्वास घ्यायची. खालून आलेली ओल पृष्ठभागावर साठायची नाही, हवेत जायची. जोतं उंच, दगडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पलीकडं चूल. पावसाळ्यात आमची चूल दिवसभर धुमसायची. बाहेर २४ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असलेली हवा आत आली आणि चुलीनं चार अंश गरम झाली, तर तिची आर्द्रता पंचाहत्तरच्या आसपास येते. पाणी तेवढंच, पण हवेची पाणी पेलायची ताकद वाढते. म्हणजे चूल हेच आमचं ओल काढायचं मशीन होतं. धूर वाईटच, डोळ्यांची वाट लागायची, मी चुलीचं कौतुक करत नाहीये. गॅस आला, चांगलंच झालं. पण चूल जाताना ते काम कोण करणार, हे कुणी ठरवलं नाही.

## मग हिर्डोशीत फोम का नको

पुण्याची वर्षभराची सरासरी २४-२५ अंश. आमच्याकडं थोडी कमी धरा. म्हणजे फरशीच्या खोल खाली तेवीस-चोवीस. आपण घरात हीटर लावत नाही. म्हणजे खाली गळायला उष्णता आहेच कुठं?

उलट एप्रिल-मे मध्ये बाहेर ऊन तापतं तेव्हा तीच जमीन घराची उष्णता ओढून घेते. दुपारी चटई बाजूला करून फरशीवर उघड्या अंगानं पडायचं सुख तुम्हाला माहितीये. फोम घातला की ते सुख गेलं. आपण पैसे देऊन घर गरम करणार!

आणि थंडीत फरशी पायाला चटका देते त्याचं काय? तिथंही गंमत आहे. त्याच खोलीतली घोंगडी आणि फरशी जवळपास सारख्याच तापमानाला असतात. फरशी पायातली उष्णता भराभर ओढते, घोंगडी ओढत नाही. म्हणून त्याला इलाज वर घोंगडी, सतरंजी. फरशीखाली पस्तीस हजार नाही.

अजून एक, वाळवी. अमेरिकेत जिथं वाळवीचा उपद्रव फार असतो तिथं जमिनीला टेकलेला फोम वापरण्यावर बांधकामाच्या नियमांतच बंधनं आहेत. वाळवी फोम खात नाही, पण त्यातून बोगदे करत वर येते, आणि बाहेरून दिसत नाही. आमच्याकडं वाळवी आहे, घुशी आहेत. त्यांना आयतं बीळ कशाला?

एक भीती मात्र खोटी आहे, तीही सांगतो. लोक म्हणतात फोम काँक्रीटखाली चेपतो. फरशीसाठीच बनवलेला फोम चौरस मीटरला सतराएक टन वजन घेईल असा मिळतो. कपाट आणि माणसं त्याच्यापुढं काहीच नाहीत. म्हणजे फोम वाईट म्हणून नको असं नाही. आमचा आजार तो नव्हता, म्हणून नको.

आपल्या महाराष्ट्रात फरशीखाली फोम घालतात बरं का. सांगली-तासगावकडं बेदाण्याची शीतगृहं आहेत, नाशिकला द्राक्षांची. तिथं आत गार, खाली गरम माती, म्हणून खालूनही इन्सुलेशन लागतं. आणि शून्याखालच्या खोल्यांत तर ते नसेल तर खालची माती गोठून फरशी उचलू शकते. बघा, दादाच्या पायाची अडचण तासगावात यंत्रानं तयार होऊ शकते!

## मिस्त्रींचं म्हणणं

तर ठरलं, फोम नाही, प्लॅस्टिक. जाड कागद, २५० मायक्रॉनचा. पाचशे चौरस फुटांना, सांध्यांचं जादा धरून, अडीच हजारांच्या आत बसला. पस्तीस हजार कुठं आणि हे कुठं.

आमचे मिस्त्री जुने, हाताला वळण चांगलं. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, “दादा, ह्यानं कोबा फुटंल. सिमेंटचं पाणी खाली जायला नको का?”

मला तेव्हा राग आला. पण मंडळी, त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. काँक्रीट ओतलं की त्यातलं जादा पाणी बाहेर यायला बघतं. खाली माती असेल तर काही तिकडं जातं. कागद असेल तर सगळं वरच येतं. मग घाईनं थापी मारली तर वरचा थर कच्चा राहतो, आणि वरून लवकर वाळलं तर कडा उचलतात, तडे जातात. म्हणून काही ठिकाणी कागदावर वाळूचा थर देऊन मग काँक्रीट ओततात. पण त्या वाळूत पाणी अडकलं की ते जाणार कुठं? खाली कागद, वर काँक्रीट. ते महिनोन्‌महिने वरच येत राहणार.

उपाय साधा होता. मालात पाणी कमी घाला. मिक्सरवाल्या पोरांना हे सगळ्यात अवघड, कारण पातळ माल पसरायला सोपा. मग वर आलेलं पाणी जाईपर्यंत थांबा, मग थापी. आणि सात दिवस ओली पोती घालून भिजवत ठेवा. मिस्त्री म्हणाले, “थांबायचं आसंल तर हुईल.” आणि त्यांनी ते मनापासून केलं. ज्याला मी अडाणीपणा समजत होतो तो अनुभव होता, फक्त त्याचं उत्तर दुसरं होतं.

## थर कसे घातले

थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोग होईल. खालून वर.

आधी जागेवरची काळी माती सगळी काढली. घराच्या वरच्या अंगाला, डोंगराकडून, खोल चर खणला, त्यात खडी आणि भोकांचा पाइप, आणि तो घराला वळसा घालून खाली सोडला. पाणी घराखाली यायच्या आधीच त्याला दुसरी वाट. मला विचाराल तर हे सगळ्यात महत्त्वाचं काम. उमाळा फुटलेल्या जागी कितीही भारी कागद घाला, खालून दाब आला की तो हरतो.

जोतं अडीच फूट घेतलं. आत मुरूम, एकदम न भरता अर्ध्या-पाऊण फुटाच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून. वाळवीचं औषध. त्यावर दगडाचं सोलिंग. इथं एक भांडण झालं. सोलिंगच्या फटी मुरमानं भरायची पद्धत आहे. मी खडी मागितली. कारण मुरूम भरला की वात परत जोडली गेली. खडी महाग पडली, पण घातली.

त्यावर दोन इंच हलका काँक्रीटचा थर, दगडाची टोकं कागदाला भोकं पाडू नयेत म्हणून. मग कागद. दोन पट्ट्या एकमेकांवर एक फूट, सांध्याला टेप. कडेला भिंतीवर चढवून जोत्याच्या ओलरोधक थराला जोडला, नाहीतर पाणी फरशी सोडून भिंतीनं चढतं. जिथून पाइप वर आला तिथं भोवती टेप. मग कागदावर थेट चार इंच काँक्रीट. ओतताना घमेली घेऊन पोरं कागदावरूनच चालत होती, त्यात दोन ठिकाणी फाटला. काम थांबवून तुकडे लावले. मिस्त्री हसले, पण थांबले.

हे मार्चमध्ये झालं. संध्याकाळी सगळं राखाडी, सपाट. चर नाही, खडी नाही, कागद नाही, काहीच दिसत नव्हतं. शेजारचे काका बघायला आले आणि म्हणाले, ‘एवढे दिवस काय करत होता रे?’

## पाऊस आला

पैसे संपले म्हणून टाइल्स बसवल्या नव्हत्या, उघडा कोबा होता. म्हणून परत परीक्षा करता आली.

जूनअखेर प्लॅस्टिक चिकटवलं. खाली हलकी काळपट छटा. पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, नव्या काँक्रीटमध्ये त्याचं स्वतःचं पाणी असतं, ते वाळायला काही महिने जातात. म्हणून थांबलो. ऑगस्टमध्ये, ऐन झोडपत्या पावसात, तीच जागा, परत दोन दिवस. उचललं. खाली कोरडं. वर मात्र स्वयंपाकघराजवळ थोडं दव होतं. ते हवेचं. तिथं आता बाहेर हवा फेकणारा पंखा आहे आणि कपडे पडवीत वाळतात.

सगळं जिंकलो असं नाही. लोखंडी कपाटामागं हात घातला तर अजूनही दमट लागतं. घाटमाथ्याची हवा आहे, ती तशीच राहणार.

त्या आठवड्यात एका रात्री आजी आपली वाकळ घेऊन आली. हातानं कोबा चाचपला. तळहात फरशीवर ठेवून जरा वेळ तशीच बसली. मग म्हणाली, “गार हाय. पण वल न्हाय.” आणि झोपली. आम्ही वाकळेखाली एक घोंगडी सरकवली, गारव्यासाठी. तेवढा इलाज पुरतो.

दादाला मी फोटो पाठवला. त्याचं म्हणणं एवढंच, “माझं माझ्या जागी बरोबर, तुझं तुझ्या जागी.” खरंय. त्याच्याकडंही फोमच्या वर कागद आहेच. तो तिकडं अजून एका कामाला येतो, जमिनीतून येणारा रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू अडवायला. म्हणजे कागद दोघांनाही लागला. फोम एकाला.

तर मंडळी, गावी बांधकाम चालू असेल तर आज घरी फोन करा. तीन प्रश्न विचारा. वरच्या अंगानं येणारं पाणी कुठं वळवलंय? सोलिंगच्या फटीत काय भरणार? आणि काँक्रीटच्या आधी कागद टाकणार का? टाइल पुढच्या वर्षी बदलता येते, रंग दिवाळीला बदलता येतो. हे मात्र एकदाच.

आणि घरातलं म्हातारं माणूस काही तक्रार करत असेल तर त्याचा शब्द नीट ऐका. ते ‘गार’ म्हणतायत की ‘ओलं’, हे आपण परस्पर ठरवू नका. आम्ही ठरवलं, आणि त्यात आजीचे आठ पावसाळे गेले.

परीक्षा केलीत तर प्लॅस्टिकचा फोटो मला पाठवा. खालून ओलं की वरून, तेही लिहा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!